मुलांना स्वयंपाक कुठल्या वयात आणि कसा शिकवावा?

तुम्ही लिहिलंय की मुलगी नऊची आहे, सारखी ओट्याजवळ घुटमळते पण भाजेल म्हणून तुम्ही तिला हाकलता, आणि मुलगा चौदाचा आहे, तो म्हणतो यूट्यूब बघून कधीही येईल, त्यात शिकायचं काय. आणि वर घरचे हसतात की पोराला कशाला चुलीपाशी बसवताय. तिन्हीचं उत्तर देते, पण आधी आमच्या घरात काय झालं ते सांगते, कारण मला जे कळलं ते त्यातनंच कळलं.

मी काही शेफ वगैरे नाही, सोलापुरात एका युनिफॉर्मच्या कारखान्यात हिशोब बघते. जूनमध्ये शाळा उघडतात म्हणून एप्रिल-मे आमचा सीझन, घरी यायला रात्रीचे आठ-साडेआठ होतात. तीन वर्षांपूर्वी नेमकं त्याच सीझनच्या तोंडावर सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं ओट्यापाशी उभं राहायचं नाही. पोरगा तेव्हा बारा-तेराचा, पोरगी आठची. मला वाटलं आता महिनाभर डबाच लावावा लागणार.

त्याआधी मी मुलांना "शिकवत" होते बरं का. माझं शिकवणं म्हणजे पोरगी कांदा कापायला बसली की दोन मिनिटांत "आण इकडं, रात्र होईल तुझ्यानं", पोरानं उलथणं हातात घेतलं की "अरे करपतंय, हो बाजूला". पोरं बाजूला होत होती, मग हळूहळू यायचीच बंद झाली आणि मी सगळ्यांना सांगत फिरायचे की आमच्या पोरांना आवडच नाही.

सासूबाईंना उभं राहता येत नव्हतं म्हणून त्यांनी प्लास्टिकची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात टाकली आणि तिथनं बोलायला सुरुवात केली. उठता येईना, हात पोचेना, त्यामुळं काहीही हिसकावून घ्यायची सोयच नाही, सगळं तोंडानंच सांगावं लागणार. आणि तोंडानं सांगायचं म्हटल्यावर त्यांना चाळीस-पन्नास वर्षं हातात होतं ते शब्दात आणावं लागलं. मोहरी तडतडायची थांबत आली की जिरं टाक. शेंगा भाजताना बघू नको, वास घे, कच्चा वास गेला की गॅस बंद कर कारण कढई गरम असते, त्यात त्या अजून भाजतात. हे मला लग्नाला अठरा वर्षं झाली तरी कुणी सांगितलं नव्हतं ओ, मी आपली काळ्या होईपर्यंत हलवत बसायचे.

त्यांचं माहेर कानडी. घाईत असल्या की मराठीत कानडी घुसतं. "मीठ स्वल्प टाक." म्हणजे थोडं. आता थोडं म्हणजे किती? पोरगीनं वहीत लिहून ठेवलंय, अजून आहे ती वही, "स्वल्प = आज्जीची १ चिमूट, माझ्या २". आणि खाली "साकु म्हणजे बास. आज्जी साकु म्हणते तेव्हा उशीर झालेला असतो."

तर माझं म्हणणं एवढंच आहे की मुलाला काय येतं ते नंतर बघा, आधी तुमचे हात आवरा. खुर्ची घ्या, लांब बसा, खरंच सांगते. ओट्याला टेकून उभं राहिलात तर हात जाणारच.

दुसरं म्हणजे दहा पदार्थ थोडे थोडे शिकवू नका, एकच पदार्थ त्याच्या नावावर करून टाका. सामान आणण्यापासून वाढेपर्यंत सगळा त्याचा. आमच्या पोरगीला शेंगाची चटणी दिली. आठ वर्षाच्या मुलीला हे बेस्ट आहे कारण भाजणं सोडलं तर गॅसचा संबंध नाही, आणि भाजण्याचं काम तेवढं दादानं करायचं. दोन वाट्या शेंगदाणे मंद आचेवर भाजून, गार झाले की तळहातावर चोळून टरफलं काढायची आणि सुपात पाखडायची (अर्धी टरफलं घरभर, ते धरूनच चाला), मग आठ-दहा पाकळ्या लसूण, चमचाभर जिरं, दोन चमचे लाल तिखट, मीठ, आणि हे उखळात कुटायचं. मिक्सरला लावली तर कोरडी भुकटी होते नाहीतर जास्त फिरवलं की लगदा, कुटताना कसं दाणा दाबला जाऊन तेल सुटतं आणि चटणी ओलसर, तेलकट, बोटाला चिकटेल अशी होते. पहिल्या दिवशी तिनं कुटता कुटता निम्मे दाणे खाल्ले आणि चटणी एवढुशी झाली, वर मीठ दोनदा पडलेलं. सासूबाईंनी खुर्चीतनंच सांगितलं, अजून मूठभर शेंगा घाल, मीठ काढता येत नाही पण शेंगा वाढवता येतात. ते तिच्या जे डोक्यात बसलंय ते बसलंय, आता आमटी खारट झाली तर मलाच सांगते काय वाढवायचं ते.

एक महत्त्वाचं राहील म्हणून इथंच सांगते. तिखटाचे हात डोळ्याला लावतातच पोरं. तिखटाचा झणका नुसत्या पाण्यानं जात नाही, तेलात सुटतो, म्हणून आधी हाताला गोडंतेल चोळायचं आणि मग साबण. हे कुटायच्या आधी सांगा, नंतर नाही.

आता पोरगा. चौदाच्या पोराला कोथिंबीर निवडायला बसवलं तर तो उठून जाणार, त्याला पहिल्या दिवसापासून विस्तव पाहिजे. आणि त्याला जे खायला आवडतं तिथनं सुरू करा, वरण-भातापासनं नको. आमच्याकडं अंड्याची बुर्जी होती. यूट्यूबचं म्हणाल तर बघू द्या की, भांडू नका. त्यानं पण बघूनच केली. फक्त व्हिडिओत कांदा चार सेकंदात लाल होतो, आपल्या कढईत दहा मिनिटं लागतात, आणि त्या दहा मिनिटांत आच कमी-जास्त कधी करायची हे व्हिडिओत कापलेलं असतं. पोरानं फुल गॅसवर कांदा काळा केला, आत कच्चा. मग आला आज्जीपाशी, "आज्जी, यात तर असंच दाखवलंय." त्या म्हणाल्या, "त्या बाईला सांग आमच्याकडं येऊन कर म्हणावं."

पण खरी मजा भाकरीत. आमच्या सोलापुरात भाकरी आली नाही तर काहीच आलं नाही असं धरतात, आणि मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी जवळच, त्यामुळं पिठाला दोष द्यायची सोय नाही. ज्वारीत गव्हासारखं ग्लूटेन नसतं, म्हणजे पीठ धरून ठेवणारं काही नाही, म्हणून उकळतं पाणी घालायचं, त्यानं पिठातला स्टार्च चिकट होतो आणि गोळा जमतो. हे कारण सांगितलं की त्या वयाच्या पोरांना पटतं, नुसतं "गरम पाणी घाल" म्हटलं तर "का?" येतंच. पीठ महिनाभराचं जुनं असेल तर त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते, कितीही मळा, कडा फाटणारच, तेव्हा शिकणाऱ्याला ताजं दळून आणलेलं पीठ द्या, उगाच पोराचा धीर खचायचा. पाणी चमच्यानं कालवायचं, हाताला सोसेल इतकं झालं की तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं रगडून मळायचं, एका वेळी एकाच भाकरीचं.

पहिली भाकरी परातीतनं उचलली आणि तव्यावर जाईपर्यंत तिचे तीन तुकडे. मी त्या दिवशी लवकर आले होते, दारात उभी होते, पाय शिवशिवत होते आत जायला. सासूबाईंनी माझा पदर धरला, खरंच धरला, आणि पोराला म्हणाल्या "भाज तिन्ही तुकडे, दुधात कुस्करून खाऊ." आणि खाल्ले आम्ही सगळ्यांनी. हे फार महत्त्वाचं आहे बघा, त्यानं केलेलं बाजूला सारून "आज हॉटेलचं मागवू" असं केलंत की संपलं. कच्चं किंवा नासलेलं असेल तर गोष्ट वेगळी, वेडंवाकडं असेल तर खायचं.

चार-पाच दिवस तुकडेच. मग एक दिवस अखंड गेली पण वरनं पाणी फिरवायला उशीर झाला, तडे गेले. मग पाणी फिरवलं पण ते सुकायच्या आत उलटली, तव्याला चिकटली. पिठाची बाजू वर, लगेच पाण्याचा हात, पाणी सुकत आलं की उलटायची, दुसरी बाजू नीट भाजली की मग आचेवर. हे वाचून काही कळणार नाही तुम्हाला, मलाही लिहून कळेना. अकरावी का बारावी भाकरी होती, आचेवर ठेवली आणि टम्म फुगली, पापुद्रा सुटला, पोरगा ओरडला "फुगली बे!" आज्जीसमोर बे. त्या दिवशी कुणी रागावलं नाही.

आता भाजायच्या भीतीचं. भाजणार. आमचा पण भाजला, वाफेनं, कुकरची शिट्टी उचलून बघायला गेला. तेव्हा मात्र मी खुर्ची-बिर्ची सगळं सोडून धावले. भाजलेल्या जागेवर लगेच गार पाणी, वीस मिनिटं, घड्याळ लावून, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही. पण एप्रिलमध्ये सोलापुरात गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला येतं ते चहा करण्याइतकं गरम, त्यानं काय होणार! मग सावलीतल्या पिंपातलं पाणी मगानं ओतत बसलो, आमच्याकडं पाणी काय रोज येत नाही, खाली बादली धरली आणि ते पाणी नंतर फरशीला वापरलं. तुमच्याकडं पण उन्हाळ्यात नळाचं पाणी गरम येत असेल तर ओट्याजवळ एक कळशी गार पाण्याची भरून ठेवाच. फोड मोठा आला किंवा तोंडाला, डोळ्याला भाजलं तर घरी थांबायचं नाही, दवाखाना.

कुकर माझ्या मते बारा-तेराच्या आत नको. आणि देताना नीट दाखवून द्या, रिंग बसली का, शिट्टीच्या नळीत काही अडकलं नाही ना, दोन तृतीयांशच्या वर भरायचा नाही आणि डाळ असेल तर निम्माच कारण ती फसफसते, आणि प्रेशर आपोआप गेल्याशिवाय झाकणाला हात नाही. गॅसचं एक प्रात्यक्षिक करून घ्या, रात्री रेग्युलेटर बंद करायचं काम पोराकडेच द्या. आपला सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली जमिनीलगत साठतो, म्हणून वास आला तर बटण ना चालू करायचं ना बंद, काडी तर नाहीच, रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर जायचं आणि बाहेर गेल्यावर १९०६ ला फोन. तेलानं पेट घेतला तर गॅस बंद करून वर झाकण टाकायचं, पाणी कधीच नाही. हे मुलांकडनं तोंडपाठ म्हणून घ्या, पाढ्यांसारखं.

वयाचं फार मनावर घेऊ नका. पाच-सहाचं पोर लसूण सोलतं, कोथिंबीर निवडतं, पीठ चाळतं. तुमची नऊची मुलगी पोहे भिजवून, काकडीची कोशिंबीर कापून (स्टूल घट्ट आहे ना बघा, आणि विळी नको, छोटी सुरी आणि पाट) निवांत करेल. दहा-अकराला तुम्ही खोलीत असताना गॅस. बोथट सुरी देऊ नका सेफ म्हणून, ती जास्त घसरते.

घरचे हसतात त्यावर मी काय सांगू, आमच्याकडं पण एका नातेवाइकांनी विचारलं होतं पोराला खानावळ काढून देणार का. मी म्हटलं तुमच्या मुलीच्या लग्नात आचारी कोण होता? सगळे बाप्येच होते. विषय संपला. यंदा पोरगा अकरावीला आहे, दोन वर्षांनी पुण्याला जाईल बहुतेक, तेव्हा कळेल कोण हसतंय. तोपर्यंत त्याला खिचडी, पिठलं (पीठ आधी गार पाण्यात कालवून मग फोडणीत, म्हणजे गुठळ्या होत नाहीत), बुर्जी आणि भाकरी एवढं येतंय, बास आहे. आणि शिळ्या भाताचं कळतंय, उन्हाळ्यात भात बाहेर तसाच ठेवायचा नाही, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, वास आला नाही म्हणून चांगला असेल असं नसतं.

बाजारालाही पाठवा. आम्ही पोरगीला दादाबरोबर लक्ष्मी मंडईत शंभर रुपये देऊन पाठवलं, मेथी आणि टोमॅटो सांगितले होते, आणले चिंचा आणि बोरं. दुसऱ्या वेळी मेथी आणली.

शेवटी भांड्यांचं, हे तुम्ही विचारलं नाही पण विचारणार आहात. आधी मी कौतुकानं त्याच्या मागं सगळं घासत होते आणि एका बुर्जीला दोन कढया, तीन वाट्या, चार चमचे, एक ताट पडायचं. मग सासूबाईंनी नियम केला, ज्यानं केलं त्यानं घासायचं. पंधरा दिवसांत पोरगा एका कढईवर आला, कांदा पण आता तिच्याच झाकणावर कापतो.