वरातीच्या घोड्या आणि कळंबोलीची व्हॅन

प्रश्न : ठाण्यात घोडबंदर रोडला कासारवडवलीजवळ माझी छोटी पागा आहे. दोन घोड्या वरातीला देतो, घर त्यावरच चालतं. दर वेळी टेम्पो शोधायचा कंटाळा आला. कळंबोलीच्या एका गॅरेजमध्ये जुन्या तेरा आसनी प्रवासी व्हॅनची ‘हॉर्स व्हॅन’ केलेली आहे. आत गाद्या, खाली रबर, मागे रॅम्प. घोड्यांची जागा १.७ मीटर रुंद, २.३ मीटर लांब. पुढच्या भागात बग्गीचे दिवे आणि सजावट मावते. किंमत साडेसात लाख, दीड लाख इसार बँकेतून दिला. आरसीवर अजून प्रवासी वाहनच आहे. गॅरेजवाला व्हॉट्सॲपवर म्हणतो, “आरटीओचं आम्ही बघतो.” दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून तिसरी घोडी आणायची आहे. बाकीचे पैसे देऊ का?

उत्तर : देऊ नका. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सहीसुद्धा करू नका. आज त्या गाडीचे मालक तुम्ही नाही, ही तुमची सगळ्यात भक्कम बाजू आहे.

मोटार वाहन कायद्याच्या लेखी तुमची घोडी ‘माल’ आहे. ऐकायला बरं वाटत नाही, पण कलम २ मधल्या मालाच्या व्याख्येत जनावरं येतात. म्हणजे प्रवासी पासिंगच्या गाडीत घोडी चढली की ती गाडी मालवाहू म्हणून वापरली जाते, आणि आरसी व विमा मात्र वेगळंच सांगत असतात. अपघात झाला तर विमा कंपनी नेमकं याच फटीत बोट घालते.

दुसरं, कलम ५२. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुरेसं स्पष्ट केलं आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. “आम्ही बघतो” या शब्दांना आरटीओच्या खिडकीवर काही किंमत नाही. मंजुरीचा कागद दाखवा म्हणावं.

पण समजा कागद आला. तरी ही व्हॅन चालणार नाही, आणि ते तुमच्याच मापांवरून दिसतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२५-ई १ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. प्रत्येक घोड्याला कायमस्वरूपी स्वतंत्र कप्पा हवा, किमान २.२५ चौरस मीटरचा. तुमची जागा भरते ३.९१, म्हणजे एकीला दोन चौरस मीटरसुद्धा नाही. जनावरांच्या गाडीत दुसरा माल नेता येत नाही, त्यामुळे बग्गीचे दिवेही गेले. अशा गाडीला आरटीओचा खास परवाना लागतो, तो वेगळाच.

शिवाय प्राणी वाहतूक नियम, १९७८. रस्त्याने घोडे नेताना त्यांची तोंडं डावीकडे, येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांपासून दूर असावीत, असं त्यात आहे. वाहनांना बघून ती बिचकू नयेत म्हणून. पावणेदोन मीटरही नसलेल्या रुंदीत घोडी आडवी उभी कशी करणार? गॅरेजवाल्याने गाद्यांवर मेहनत घेतली असेल, पण टेप लावलेली दिसत नाही. तुम्हाला स्वतःची गाडी हवीच असेल तर मालवाहू चासीवर फाळक्याची रुंद बॉडी बांधून, तीच बॉडी आरसीवर चढवून घेणं हा सरळ रस्ता. खर्च जास्त येईल, हे मान्य.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये आहे, म्हणून लोक हसण्यावारी नेतात. पण २०१७ च्या नियमांप्रमाणे खटला चालेपर्यंत जनावर दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकतं आणि गाडी तारण म्हणून अडकते. ऐन लग्नसराईत घोड्या आणि गाडी दोन्ही नसतील, तर पन्नास रुपयांचं कसलं घेऊन बसलात!

इसाराचं. वकिलामार्फत नोटीस पाठवा : पंधरा दिवसांत आरटीओची लेखी मंजुरी दाखवा, नाहीतर दीड लाख परत करा. व्हॉट्सॲपवरचं ते वाक्य पुसू नका, फोनही बदलू नका. पैसे आले नाहीत तर ग्राहक आयोग. समोरून “हा धंदा आहे, ग्राहक नाही” असं म्हटलं जाईलच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याला ग्राहकच मानलं आहे, आणि तुमच्या दोन घोड्या त्यात बसतात. गॅरेज रायगड जिल्ह्यात असलं तरी तुम्ही राहता त्या ठाण्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षं. एवढ्या रकमेला शुल्क नाही.

सारंगखेड्याची घोडी या वर्षी परवाना असलेल्या भाड्याच्या गाडीतूनच आणा. १९७८ च्या नियमांत वेग ताशी ३५ किलोमीटरपर्यंतच आहे आणि अंतर साडेतीनशेहून जास्त, तेव्हा चारा-पाण्याचे मुक्काम धरून दीड दिवस हाताशी ठेवा. सोबत घोडीची निगा राखणारा मोतद्दार हवाच. आणि पशुवैद्याचा तंदुरुस्तीचा दाखला घोडी गाडीत चढवण्याआधी, तिथेच घ्या. ठाण्यात पोचल्यावर घेतलेला दाखला वाटेतल्या नाक्यावर कामाचा नाही.