वाचकांचे प्रश्न : प्लगचे आटे गेले, आता काय?

जुनी पेट्रोल गाडी घेतल्यावर पहिल्याच सर्व्हिसिंगला स्पार्क प्लगच्या भोकाने डोकं वर काढलं, अशी बरीच पत्रं या वेळी आली. त्यांतली पाच निवडून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : एमएच 22 पासिंगची चार सिलिंडरची जुनी गाडी घेतली. प्लग बदलताना तिसऱ्या सिलिंडरचा प्लग घट्टच होईना, पाना फिरवला की नुसता फिरत राहतो. काढून पाहिला तर त्याच्या आट्यांत चंदेरी तारेसारखं काहीतरी गुंडाळलेलं होतं. एक मिस्त्री म्हणतात, हेड बदला. दुसरे म्हणतात, टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवून देतो. कुणाचं ऐकावं?
— एक वाचक, परभणी

उत्तर : दोघांचंही नको. ती चंदेरी तार म्हणजे तुमच्या हेडचेच (सिलिंडरांवरच्या झाकणाचेच) आटे. प्लगचं अंग स्टीलचं आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं, त्यामुळे झीज होते ती हेडची. प्लग तिरका लागलेला असताना पान्याने रेटला, किंवा दर वेळी अंगातलं बळ लावून आवळला, की आटे आधी ताणले जातात आणि मग सोलून निघतात. हे एका दिवसात होत नाही. बहुधा आधीच्या मालकाकडेच निम्मे आटे गेलेले होते, उरलेले तुमच्याकडे आल्यावर सुटले.

गाडी आहे तशी चालवू नका. प्लगच्या टोकाची उष्णता आट्यांतून आणि बुडाच्या वॉशरमधून हेडमध्ये उतरत असते. प्लग सैल असला की ही वाट तुटते, टोक लाल होतं आणि ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटायला लागतं. असं चालत राहिलं तर पिस्टनचा माथा जळतो. शिवाय सिलिंडरमधल्या दाबाने प्लग त्याच्यावरच्या इग्निशन कॉइलसकट वर उडू शकतो. गॅरेज लांब असेल तर गाडी टो करून न्या. टेफ्लॉन टेप साधारण 260 अंश सेल्सिअसच्या पुढे टिकत नाही आणि प्लगला धरून ठेवण्याची ताकद तर तिच्यात मुळीच नसते. एम-सीलसारख्या लुगदीचंही तसंच.

खरा उपाय म्हणजे जुने आटे कापून मोठे आटे पाडायचे आणि त्यांत स्टीलचे नवे आटे बसवायचे. यात दोन प्रकार आहेत. हेलिकॉइल ही स्टेनलेस स्टीलच्या तारेची गुंडाळी असते. दुसरा प्रकार सलग बुशचा, म्हणजे धातूच्या नळीचा : आतून-बाहेरून आटे आणि वर कॉलर. प्लगच्या जागेसाठी आम्ही बुशच सुचवू. प्लग पुन्हा पुन्हा काढावा लागतो आणि तार कधीकधी त्याच्यासोबत वर येते. नीट लॉक केलेला बुश जागा सोडत नाही.

आधी माप पक्कं करा. बहुतेक गाड्यांत प्लगचे आटे 14 मिमी, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) 1.25 मिमी असतात, काही नव्या इंजिनांत 12 मिमी. आट्यांची लांबीही बघावी लागते, ती बहुधा 19 मिमी असते किंवा 26.5 मिमी, काही गाड्यांत 12.7 मिमी. जुना प्लग खिशात घालूनच दुकानात जा. छत्रपती संभाजीनगरला वाळूज किंवा चिकलठाण्याच्या बाजूला कटिंग टूल विकणाऱ्या दुकानांत विचारा. हेलिकॉइलसाठी साधा 14 मिमीचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) चालत नाही. त्याचा टॅप वेगळा, बाहेरून सुमारे 15.6 मिमी. बुशचा टॅप त्या बुशच्या किटमधलाच हवा.

काम बिघडतं ते मुख्यतः दोन ठिकाणी. पहिलं, टॅप तिरका जाणं. प्लगची विहीर, म्हणजे प्लग ज्याच्या तळाशी बसतो ते भोक, खोल असते, वरून अंदाज येत नाही. टॅपला विहिरीच्या मापाचा गाइड हवाच. टॅप हातानेच फिरवायचा, ड्रिल मशिनला लावायचा नाही. दुसरं, कापलेल्या धातूचा कीस सिलिंडरमध्ये पडणं. त्यासाठी पिस्टन खाली आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद अशा स्थितीत इंजिन आणून ठेवा. टॅपच्या खाचा घट्ट ग्रीसने भरा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. दोन-तीन फेऱ्यांनी टॅप बाहेर काढून पुसायचा, ताजं ग्रीस भरायचं आणि मगच पुढे जायचं. इथे घाई करणाऱ्या माणसाच्या हातात गाडी देऊ नका. अ‍ॅल्युमिनियमचा कीस लोहचुंबकाला चिकटत नाही, म्हणून शेवटी व्हॅक्यूम क्लीनरला बारीक नळी जोडून आत फिरवावी. ते झाल्यावर इंधन आणि इग्निशन दोन्ही तोडून, भोकावर फडकं धरून दोन-तीन सेकंद स्टार्टर मारा. आत राहिलेला कीस सिलिंडरला ओरखडे पाडतो आणि पुढे गाडी ऑइल खायला लागते.

हेलिकॉइल बसवली तर तिचं वरचं टोक प्लगच्या बैठकीपेक्षा अर्धा ते एक फेरा खाली असलं पाहिजे, नाहीतर वॉशर तारेवर बसतो आणि कॉम्प्रेशन गळतं. खालचं टोक ज्वलनकक्षात डोकावता कामा नये, कारण तेच तापून लाल होतं. बुशच्या फक्त बाहेरच्या आट्यांना जास्त तापमानाचं थ्रेड लॉकर (आटे पकडून ठेवणारा गोंद) लावा आणि बाटलीवर लिहिलेला वेळ भरू द्या. लेथवर पितळी बुश करून मिळतो, तोही चालतो, पण तो लॉक केला नाही तर पुढच्या वेळी प्लगसोबत बुशच हातात येतो.

गाइड मिळत नसेल, विहीर फार खोल असेल, तर सरळ हेड उतरवून मशिन शॉपमध्ये द्या. नवं हेड गॅस्केट, हेड बोल्ट आवळण्याचा कंपनीने दिलेला क्रम, एखादा दिवस जास्त, एवढं लागेल. पण भोक काटकोनात होतं आणि किसाची काळजीच राहत नाही. आमचा कल याकडेच आहे. हेड बदलायची वेळ येते ती प्लगचं भोक आणि व्हॉल्व्ह सीट यांच्यामध्ये चीर गेली असेल तर, किंवा आधीच कुणीतरी मोठा बुश मारून भोवतीचा धातू संपवला असेल तर.

प्रश्न : प्लग पाव फेरा सुटला आणि अडकला. जोर लावला तर कर्रकर्र आवाज येतो. गॅरेजवाले इम्पॅक्ट गन लावतो म्हणतात.
— एक वाचक, बीड

उत्तर : गन लावू देऊ नका. तो आवाज म्हणजे आटे चावले जात आहेत. प्लग परत आत, होता तिथपर्यंत वळवा. मग विहिरीत हवा मारून धूळ काढा. आपल्याकडे उन्हाळ्यात रस्त्याची बारीक माती विहिरीत साचते आणि हीच माती आट्यांत उतरली की खरकागदासारखी घासते. प्लगच्या बुडाशी चांगलं पेनिट्रेटिंग ऑइल थोडंसंच सोडा आणि रात्रभर राहू द्या. विहीर भरायची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी, इंजिन पूर्ण थंड असताना, एक अष्टमांश फेरा बाहेर, पुन्हा आत, परत थोडा जास्त बाहेर. जिथे अडेल तिथून मागे या आणि ऑइलचे दोन थेंब सोडा. अर्धा तास गेला तरी जाऊ द्या. सॉकेट खोल आणि आतून रबर असलेला वापरा, एक्स्टेन्शन तिरकं होऊ देऊ नका, नाहीतर चिनी मातीचा भाग तडकून तुकडे आत पडतात. षटकोनच तुटला तर तिथेच थांबून हेड उतरवायचं.

प्रश्न : जालन्यात एक जुनी गाडी बघितली आहे. सौदा व्हायच्या आधी प्लगचे आटे ठीक आहेत की नाही, हे कसं ओळखू?
— एक वाचक, जालना

उत्तर : सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी पोहोचा. थंड इंजिन सुरू झाल्यावर बॉनेटखाली फिस्-फिस् असा ठरावीक तालात आवाज येतो का ऐका. एखादा प्लग सैल असला की असाच आवाज येतो. मग इंजिन बंद करून कॉइल उचला. विहिरीत काळी फुंकर मारल्यासारखे डाग, सिलिकॉनचा लेप, किंवा चारांतला एकच प्लग वेगळ्या कंपनीचा दिसला तर शंका घ्या. विहिरीत नुसतं ऑइल दिसलं तर ते बहुतेक वेळा वरच्या कव्हरच्या सीलचं असतं, आट्यांचं नाही.

मालक तयार असेल तर इंजिन थंड असताना प्लग काढा आणि पाना न लावता, नुसत्या बोटांनी परत बसवा. 19 मिमी लांबीचा, 1.25 पिचचा प्लग साधारण 13 ते 15 फेरे बोटांनीच आत गेला पाहिजे. तीन-चार फेऱ्यांतच अडला तर वरचे आटे तिरके गेलेले आहेत. शेवटपर्यंत गेल्यावरही प्लग डुलत असेल तर आटे झिजलेत. कॉम्प्रेशन गेज असेल तर तोही त्याच आट्यांत बसतो, त्यामुळे दोन तपासण्या एकदम होतात. सिलिंडरांमधल्या दाबाचा फरक साधारण 1 किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) आत असावा. बाहेरून सीएनजी किट बसवलेली गाडी असेल तर हे जरूर करा. सीएनजीला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागतं, प्लग लवकर बदलावे लागतात, म्हणजे आटेही जास्त वेळा उघड-बंद झालेले असतात.

आटे खराब निघाले म्हणून गाडी सोडूनच द्यावी असं नाही. बुशचा खर्च मशिन शॉपमधून विचारून घ्या आणि तेवढी रक्कम सौद्यातून कमी करा.

प्रश्न : टॉर्क पाना (आवळण्याचा जोर दाखवणारा) नाही. प्लग किती आवळावा? आट्यांना ग्रीस लावावं का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये वॉशर असलेल्या 14 मिमी प्लगला 25 ते 30 न्यूटन-मीटर, म्हणजे अंदाजे अडीच ते तीन किलोग्रॅम-मीटर. 12 मिमीला 15 ते 20. गाडीच्या पुस्तकात आकडा दिला असेल तर तोच धरा. टॉर्क पाना नसेल तर प्लग बोटांनी पूर्ण बसवून घ्या. मग 14 मिमीचा नवा प्लग सॉकेटने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा, कारण नवा वॉशर दबायचा असतो. तोच जुना प्लग परत बसवताना मात्र फेऱ्याचा बारावा भागच. वॉशर नसलेला, निमुळत्या बैठकीचा प्लग तर फक्त सोळावा भाग.

ग्रीस नको. नव्या प्लगच्या आट्यांवर आधीच गंजरोधक मुलामा असतो. अँटी-सीझ (आटे अडकू नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावलं की घर्षण कमी होतं आणि पाना तोच आकडा दाखवत असला तरी आट्यांवर ताण कितीतरी जास्त येतो. आटे ताणले जाण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे.

सुरुवात करताना प्लगच्या डोक्यावर रबरी नळीचा वीतभर तुकडा चढवा, आधी थोडा उलटा फिरवा, आटा बारीकसा खाली बसलेला जाणवला की सुलटा फिरवा. तिरका लागला असेल तर नळीच घसरते, आटे वाचतात.

प्रश्न : काढलेले प्लग नव्या प्लगपेक्षा आखूड आहेत. गाडी तर नीट चालत होती. नवे लांब प्लग अर्ध्यात अडतात. कोणते बरोबर?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : पुस्तकात लिहिलेला नंबर बरोबर. एनजीकेच्या साध्या नंबरांत हे अक्षरावरून कळतं : बीपीआर6ईएस मधला ई म्हणजे 19 मिमी लांबी, बीपीआर6एचएस मधला एच म्हणजे 12.7 मिमी. जाडी तीच, पिच तोच, म्हणून चुकीचा प्लगही बिनबोभाट बसतो. तुमच्या गाडीला लांब लागत असताना कुणीतरी आखूड बसवले. खालचे रिकामे आटे ज्वलनकक्षात उघडे पडले आणि त्यांत कार्बन जमून दगड झाला. नवे प्लग त्याच कार्बनवर अडत आहेत.

पान्याने रेटू नका. 14 × 1.25 चा थ्रेड चेझर घ्या, टॅप नव्हे. चेझर आटे कापत नाही, फक्त साफ करतो. खाचांत ग्रीस भरून हाताने फिरवा, काळा कार्बन पुसत जा. चिवट असेल तर आधी थोडं कार्बन क्लीनर लावून तासभर थांबा. नंतर व्हॅक्यूम, आणि मग नवा प्लग बोटांनी. उलट चूक याहून वाईट : आखूड प्लगच्या हेडमध्ये लांब प्लग बसवला तर तो आत डोकावतो, पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला लागू शकतो. म्हणून हेडच्या आट्यांची लांबी मोजल्याशिवाय नवे प्लग बसवू नका.