जीप उंच केली आणि थरथर मागे लागली

प्रश्न : नाना, माझ्याकडे जुनी एमएम ५४० जीप आहे. केळीच्या बागेकडे जायचा रस्ता पावसाळ्यात नुसता काळा चिखल. म्हणून उन्हाळ्यात पुढे नवे पाटे आणि मागे चार इंच जास्त लांबीचे शॅकल (पाट्याचं टोक चासीला टांगणाऱ्या पट्ट्या) टाकून गाडी उंच करून घेतली. तेव्हापासून ५५ च्या पुढे काटा गेला की सीटखाली थरथर सुरू होते. एक्सलरेटरवरून पाय काढला की आवाज बदलतो. चाकं बॅलन्स केली, गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणाऱ्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे क्रॉस (सांधे) नवे टाकले, शाफ्ट दोनदा बॅलन्स करून आणला. फरक पडत नाही. आता गॅरेजवाले गिअरबॉक्स उघडायचं म्हणतात. काय करू? – एक केळी उत्पादक, ता. यावल

उत्तर : भाऊ, गिअरबॉक्सला हात लावू देऊ नका. आधी मोकळ्या सरळ रस्त्यावर त्याच वेगाला गाडी न्यूट्रल करून बघा. थरथर तशीच राहिली तर इंजिन आणि क्लच संशयातून सुटले. उरतात चाकं आणि शाफ्ट. चाकाच्या एका फेरीत शाफ्ट चार-पाच वेळा फिरतो, त्यामुळे चाकाचा धक्का संथ आणि शाफ्टची थरथर बारीक, पायाला मुंग्या आल्यासारखी. पाय काढल्यावर आवाज बदलतो हे तुम्ही लिहिलंत, तिथेच माझा संशय पिनियनवर, म्हणजे मागच्या एक्सलमध्ये शाफ्ट ज्या गिअरला जोडतो त्याच्या कोनावर गेला.

गेल्या महिन्यात शिरपूरकडची अशीच जीप माझ्याकडे आली होती. तेच लांब शॅकल. माझ्याकडचा पोरगा खाली झोपून मागचं उचललेलं चाक हाताने फिरवत होता. म्हणाला, "नाना, शाफ्ट सरळ फिरतच नही, उड्या मारस." त्याचं खरं होतं. क्रॉसमधून तिरका फिरणारा शाफ्ट एका फेरीत दोनदा पळतो आणि दोनदा रेंगाळतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस ती चूक उलटी करून भरून काढतो, पण दोन्हीकडचे कोन सारखे असले तरच. म्हणून शाफ्ट कितीही वेळा बॅलन्स करा, हा दोष जात नाही. शाफ्ट चांगलाच असतो, तो बसलेला चुकीचा असतो.

आम्ही जीप सपाट जागेवर चाकांवर उभी केली (जॅकवर मोजलं तर सगळं खोटं येतं) आणि अँगल मीटर लावला. गिअरबॉक्सचा फ्लँज (शाफ्ट जोडायची चकती) मागे ४ अंश उतरता, शाफ्ट ११ अंश, पिनियन ९ अंश. म्हणजे पुढच्या क्रॉसवर ७ अंश आणि मागच्यावर फक्त २. लांब शॅकलमुळे पाट्याचं मागचं टोक खाली जातं, पाटा तिरका होतो आणि त्याला बांधलेलं हौजिंग (एक्सलचा डबा) नाक, म्हणजे पिनियनची बाजू, वर करतं. पाच अंशांची ती तफावतच सीटखाली जाणवत होती.

तुम्ही हेच तीन आकडे घ्या. मोबाइलमधली पाणसळही चालते, फ्लँज पुसून घ्या म्हणजे झालं. पिनियनचा कोन गिअरबॉक्सएवढा किंवा एखादा अंश कमी हवा, कारण ओढ पडली की पिनियन नाक वर काढतो. त्यासाठी पाटा आणि एक्सलच्या मध्ये पोलादी पाचर बसते. अ‍ॅल्युमिनियमची घेऊ नका, ती चेंबते. पाटा एक्सलच्या खालून असेल तर जाड बाजू मागे, वरून असेल तर पुढे. इथे बरेच जण उलटं बसवतात आणि थरथर दुप्पट करून घेतात. पाट्याचा सेंटर बोल्ट पाचरीच्या जाडीएवढा जास्त लांब घ्या. नाक खाली आलं की शाफ्ट आणखी तिरका होतो, म्हणून पाचर बसल्यावर पुन्हा मोजा.

क्रॉस बदलताना शाफ्टचे दातांनी एकमेकांत बसणारे दोन भाग वेगळे केले होते का, तेही गॅरेजवाल्यांना विचारा. शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या योकचे (क्रॉस धरणाऱ्या दुबेळक्याचे) कान एका रेषेत हवेत. एक दात सरकला तरी हीच थरथर येते. मी दर वेळी उघडण्याआधी दोन्ही भागांवर पंचने खूण करतो.

पण तुमच्या गाडीत नुसती पाचर टाकून थांबावं, असं मला वाटत नाही. चारऐवजी दोन इंच जास्त लांबीचे शॅकल टाका. गाडी शॅकलच्या वाढीच्या निम्मीच उचलली जाते, म्हणजे तुमची उंची फक्त एक इंचाने कमी होईल, पण पाचर बारीक लागेल आणि क्रॉस जगतील. चिखलात अडकतं ते हौजिंग, आणि ते शॅकलने तसूभरही वर येत नाही. त्याला वर उचलतात ती मोठी चाकं. काळ्या मातीत खोल नक्षीच्या टायरने जेवढं काम होतं तेवढं उंचीने होत नाही.

सगळं बसलं की शंभरेक किलोमीटर चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळा. पाचर दाबली जाते आणि बोल्ट ढिले पडतात.