पासवर्ड_हॅश वापरलं की लॉगिनच होत नाही. सरळ एमडी-५ टाकलं तर काय बिघडतं?

प्रश्नात टेबलची रचना दिलीत ते बरं केलंत. पासवर्डचा कॉलम वारचार(५०) आहे, म्हणजे त्यात जास्तीत जास्त ५० अक्षरं मावतात. पीएचपीचं पासवर्ड_हॅश हे फंक्शन बीक्रिप्ट या पद्धतीने पासवर्डचा हॅश करतं, म्हणजे मूळ पासवर्ड उलटा काढता येऊ नये असं त्याचं रूप, आणि तो हॅश ६० अक्षरांचा असतो. मायएसक्यूएल हा डेटाबेस स्ट्रिक्ट मोडमध्ये (न मावणाऱ्या डेटावर एरर देणारं सेटिंग) नसेल तर शेवटची १० अक्षरं गुपचूप कापतं, रेकॉर्ड सेव्ह झालं म्हणून सांगतं, आणि मग टाकलेला पासवर्ड हॅशशी ताडून बघणारं पासवर्ड_व्हेरिफाय जन्मभर फॉल्स देत बसतं. कॉलम वारचार(२५५) करा. झालं.

पण 'आमचे सीनियर म्हणतात, एमडी-५ टाक आणि पुढे चल' हे तुमचं वाक्य वाचलं आणि ताट बाजूला सारून लिहायला बसलो. याच ५० अक्षरांपायी मी एक भांडण हरलोय.

२०१४ ची गोष्ट. नारायण पेठेत दोन खोल्यांचं ऑफिस, आम्ही पाच जण. एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर चाललं होतं. लॉगिनचं काम माझ्याकडे आलं, तर जुन्या कोडमध्ये एमडी-५ ही हॅशची जुनी पद्धत, तेही सॉल्टशिवाय, म्हणजे हॅश करताना पासवर्डमध्ये मिसळायच्या रँडम अक्षरांशिवाय. पीएचपी ५.५ येऊन वर्ष झालं होतं, पासवर्ड_हॅश आयतं हाताशी होतं. मी ते टाकलं. सर म्हणाले, "ही नवीन फॅडं कशाला? आपल्या पतसंस्थेला कोण हॅक करणार आहे?"

नवीन फॅड! बीक्रिप्ट १९९९ चं, म्हणजे तेव्हाच पंधरा वर्षांचं. सॉल्टची कल्पना तर युनिक्समधली, मॉरिस आणि थॉम्प्सन यांनी १९७९ मध्येच लिहून ठेवलेली. पण हे सगळं मला तेव्हा माहीत असतं तर ना. मी नुसतं "सर, आता असंच करतात" एवढंच म्हणालो.

डेमोच्या दिवशी सकाळी सगळ्या संचालकांचे पासवर्ड नव्याने टाकून घेतले. दुपारी चेअरमनसाहेब लॉगिन करायला बसले. चुकीचा पासवर्ड. परत टाकला. चुकीचा. तिसऱ्यांदा एका बोटाने एकेक की दाबत टाकला, मागे अख्खं संचालक मंडळ उभं. तरी चुकीचा. साहेब वळून म्हणाले, "अहो, मी माझ्या नातीचं नाव विसरेन का?" पेढ्यांचा बॉक्स टेबलावर तसाच.

सरांनी तिथेच लॅपटॉप ओढून घेतला, वीस मिनिटांत एमडी-५ परत बसवलं, पासवर्ड पुन्हा टाकून घेतले आणि सगळ्यांचं लॉगिन झालं. "चाललं ना? मग!" या तीन शब्दांवर माझ्याकडे उत्तर नव्हतं. एमडी-५ ची ३२ अक्षरं त्या कॉलममध्ये आरामात मावत होती म्हणून ते चाललं, हे मला सात-आठ महिन्यांनी कळलं. दुसऱ्या प्रोजेक्टवर 'शो वॉर्निंग्ज' ही मायएसक्यूएलचे इशारे दाखवणारी कमांड मारली आणि 'डेटा ट्रंकेटेड' (डेटा कापला गेला) दिसलं, तेव्हा डोक्यात उजेड पडला.

आता जे त्या दिवशी बोलायचं राहिलं ते तुम्हाला सांगतो, तुमच्या सीनियरना ऐकवा. त्या ६० अक्षरांपैकी पहिली ७ पद्धत आणि कॉस्ट (हॅश काढायला किती मेहनत लावायची तो आकडा) सांगतात, पुढची २२ म्हणजे सॉल्ट, उरलेली ३१ म्हणजे खरा हॅश. सॉल्टसाठी वेगळा कॉलम लागत नाही. सॉल्ट दर वेळी नवा, म्हणून 'व्हेअर पासवर्ड =' लिहून तुलना करता येत नाही; यूजरनेमवरून ओळ आणायची आणि पासवर्ड_व्हेरिफायला द्यायची. कॉस्ट एकाने वाढवली की वेळ दुप्पट. हा संथपणाच विकत घ्यायचा असतो. एमडी-५ मुळात वेगासाठी बनवलेलं. चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी एमडी-५ काढतं.

आणि 'कोण हॅक करणार' याचं उत्तर दोन वर्षांनी आपल्या पायांनी आलं. कुणीतरी बॅकअपची एसक्यूएल फाइल पब्लिक फोल्डरमध्ये ठेवून दिली होती. एका सभासदाचा इंजिनिअरिंगला असलेला मुलगा सहज साइटचे वेगवेगळे पत्ते (यूआरएल) टाकून बघत होता, त्याला ती सापडली. पोरगा सज्जन, स्वतः फोन केला. म्हणाला, काउंटरवरच्या अकरा जणांचा हॅश एकच आहे, ई१०एडीसी३९ ने सुरू होणारा. तो १२३४५६ चा, सॉल्ट नाही म्हणून सगळ्यांचा सारखाच; आता मी झोपेतही ओळखतो. मग म्हणाला, चेअरमनचा हॅश गुगलवर पेस्ट केला, पहिल्याच निकालात पासवर्ड मिळाला. नातीचं नाव आणि पुढे १२३.

सर म्हणाले, दोष बॅकअप ठेवणाऱ्याचा, एमडी-५ चा नाही. अहो, पण हॅश करायचा तो अशाच दिवसासाठी ना? फाइल बाहेर जाणारच नसेल तर हॅश तरी कशाला, साधा मजकूरच ठेवा की. २०१२ मध्ये लिंक्डइनचे जवळपास ६५ लाख हॅश बाहेर आले, शा-१ या एमडी-५ सारख्याच वेगवान पद्धतीचे, सॉल्ट नसलेले. २०१६ मध्ये कळलं की आकडा ११ कोटींच्या पुढे होता. तिथे काय माणसं कमी होती का?

आता राहिलेल्या गोष्टी. कॉलम वाढवल्यावर आधी कापले गेलेले हॅश दुरुस्त होत नाहीत, त्या यूजर्सना पासवर्ड रीसेट करायला लावावा लागेल. आधीचे एमडी-५ असतील तर लॉगिन झालं की त्याच क्षणी नवा हॅश करून ठेवा. जे लॉगिनच करत नाहीत त्यांचं काय करायचं हा वेगळा विषय. बीक्रिप्ट फक्त पहिले ७२ बाइट बघतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं, काना-मात्राही त्यात धरा, म्हणजे २४ चिन्हांनंतरचं सगळं वाया. मराठीत लांब वाक्याचा पासवर्ड ठेवणारे यूजर असतील तर आर्गॉन-२ ही ७२ बाइटची मर्यादा नसलेली पद्धत बघा.

आणि एक कबुली. माझ्या लॅपटॉपवरच्या टेबलात तो कॉलम २५५ चाच होता, म्हणून टेस्टिंगमध्ये काही दिसलं नाही. सर्व्हरवर मी एफटीपीने फक्त फाइली चढवल्या आणि ऑल्टर टेबल ही कॉलम बदलणारी कमांड मारायची विसरलो. सरांना हे अजून सांगितलेलं नाही.