व्हीली शिकताय? आधी उजवा पाय तयार करा

प्रश्न : माझी गाडी १२५ सीसीची आहे. मोकळ्या मैदानात महिनाभर व्हीलीचा, म्हणजे पुढचं चाक उचलून फक्त मागच्या चाकावर गाडी चालवण्याचा प्रयत्न करतोय, पण पुढचं चाक वीतभर उठतं आणि आपटतं. क्लच नेमका कसा सोडायचा? (सांगली)

उत्तर : क्लचचं सांगतो, पण तुमच्या पत्रात मागच्या ब्रेकचा उल्लेखच नाही, याची मला जास्त काळजी वाटली. चाक उचलतो उजवा हात, माणसाला वाचवतो उजवा पाय. गाडी आणि तुम्ही मिळून जो गुरुत्वमध्य होतो, तो मागचं चाक टेकतं त्या जागेच्या बरोबर वर आला की गाडी तोलावर येते. त्यापुढे गेली तर मागे उलटते. अशा वेळी घाबरलेला माणूस हँडलला लटकतो आणि मनगट वळून रेस आणखी वाढते. मागचा ब्रेक दाबला की मात्र पुढचं चाक लगेच खाली येऊ लागतं.

म्हणून सुरुवातीचे दिवस एवढंच करा. पहिला गिअर, ताशी १५ किलोमीटरच्या आसपास वेग, उजवा पाय ब्रेकच्या पेडलवर टेकलेला, दाबलेला नाही. चाक जरा उठलं की ब्रेक दाबून खाली आणा. विचार न करता पाय आपोआप दाबायला लागेपर्यंत हेच करत राहा.

मग क्लच. चालत्या गाडीत तो थोडा ओढा, रेस वाढवा आणि चटकन सोडा. पुढचा शॉकअप दबून वर येत असतानाच सोडला, तर कमी ताकदीत काम होतं. हँडल ओढू नका. ओढलं की चाक वाकडं उठतं आणि वाकडंच टेकतं. टेकताना रेस एकदम बंद केली की चाक आपटतं, तुमचं तेच होत असणार. थोडी रेस राहू द्या.

आणखी एक. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक नव्या गाड्यांना कॉम्बी ब्रेक आहे, म्हणजे मागचा दाबला की पुढचाही लागतो. हवेत फिरणारं चाक त्याने थांबतं आणि थांबलेलं चाक टेकलं की हँडलला हिसका बसतो. जमीन जवळ आली की पाय हलका करा.

प्रश्न : मोठी, ताकदवान गाडी घेतली तर लवकर जमेल का? (नाशिक)

उत्तर : चाक लवकर उठेल, शिकणं लवकर होणार नाही. १९९१ मध्ये जपानच्या यासुयुकी कुदो यांनी एका चाकावर ३३१ किलोमीटर गाडी चालवली, ती होंडाच्या २२० सीसीच्या ट्रायल्स गाडीवर, म्हणजे खडकाळ अडथळ्यांवरून तोल सांभाळत जाण्यासाठीच्या हलक्या गाडीवर. एकदा तोल सापडला की गाडी त्याच जागी राखायला फार थोडी रेस लागते. शिकताना मोठ्या गाडीची जास्तीची ताकद चूक सुधारायला वेळच देत नाही.

प्रश्न : रोज सराव केल्याने गाडीचं काय नुकसान होतं? (पुणे)

उत्तर : होतं, आणि ते मान्य करूनच सुरुवात करावी. पहिल्यांदा क्लच प्लेट, मग चेन आणि स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरते ती दातेरी चाकं. चाक आपटत असेल तर शॉकअपचं ऑइल सील गळतं, कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, खराब होतो आणि सरळ जाताना हँडल एका जागी अडकल्यासारखं लागतं. गाडी बराच वेळ मागच्या चाकावर उभी ठेवली तर इंजिनातलं ऑइल मागे जमा होतं, पंपाला ते मिळत नाही आणि आतले भाग कोरडे घासतात. ऑइल वरच्या खुणेपर्यंत ठेवा आणि नेहमीपेक्षा लवकर बदला. घरात ज्या गाडीवर सगळ्यांची ये-जा आहे, तिच्यावर हा सराव मी करू देणार नाही.

प्रश्न : मुलगा १७ वर्षांचा आहे. रात्री बायपासवर मित्रांबरोबर चाक उचलतो. चावी काढून घेतली तर मित्राची गाडी नेतो. काय करू? (एक वडील, कोल्हापूर)

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. रस्त्यावरचा हा प्रकार आजच थांबला पाहिजे. तिथे समोरून येणाऱ्या माणसाने हा धोका कबूल केलेला नसतो. कायदाही कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ नुसार अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन मिळत नाही. मित्राच्या वडिलांनाही हे दाखवा, गाडी त्यांची आहे.

पण नुसती बंदी टिकणार नाही, हौस खरी आहे. त्याला मातीच्या ट्रॅकवर शिकायला पाठवा. २०१५ मध्ये डकार रॅली ही लांब पल्ल्याची खडतर शर्यत पूर्ण करणारे पहिले भारतीय सी. एस. संतोष यांनी कर्नाटकात कोलारजवळ बिग रॉक डर्टपार्क हा मातीचा ट्रॅक उभा केला. अशा ठिकाणी शिकवणारा डोळ्यांसमोर असतो आणि माती पडणाऱ्याला डांबरापेक्षा पुष्कळ सांभाळून घेते. जमलं तर पहिल्या दिवशी तुम्हीही सोबत जा.

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी गाडी मागे उलटली, मनगट मोडलं. डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, पण रेस देताना हात आखडतो. (एक वाचक भगिनी, ठाणे)

उत्तर : ताई, हाताला घाई करू नका. त्या दिवशी पाय पेडलवर होता का, एवढं आठवून पाहा. बहुतेक वेळा तो फूटरेस्टवर मागे सरकलेला असतो. फुल फेस हेल्मेट, पाठीचं आणि गुडघ्यांचं गार्ड, घोट्यावर येणारे बूट, मनगटाला आधार देणारे ग्लोव्हज घालून मोकळ्या, सपाट जागी जा आणि चाक न उचलता, सरळ चालवत फक्त मागचा ब्रेक दाबत राहा. सोबत कुणीतरी असू द्या. दुसरं म्हणजे, गाडी मागे जातेय असं वाटलं आणि ब्रेक चुकला, तर हँडल सोडून द्या, पाय जमिनीकडे न्या आणि गाडीला जाऊ द्या. पहिल्या गिअरच्या सावकाश वेगात धावत बाहेर पडता येतं. मागच्या वेळी तुम्ही हँडल धरून ठेवलं असावं, मनगट त्यातही मोडू शकतं.