दोनच रात्री जायचं, पण व्हिसा लागतोच

स्टुडंट एक्स्चेंजवर (सत्रापुरतं तिकडच्या विद्यापीठात शिकायला) गेलेल्या मित्रमैत्रिणींना भेटायला युरोपात शनिवार-रविवार जाऊन यायचे बेत सुरू झाले की तेच ते प्रश्न येऊ लागतात. त्यांतल्या काहींना इथे उत्तरं देतो. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या शेंगेन गटाच्या सगळ्या देशांत चालणारा एकच व्हिसा) ज्यांना लागतो, त्यांच्यासाठीच ती आहेत.

प्रश्न : ९० दिवसांच्या आत परतलं तर व्हिसा लागत नाही, असं ग्रुपवर वाचलं. खरं का?

नाही. कुठल्याही १८० दिवसांत ९० ही मुक्कामाची कमाल मर्यादा आहे, व्हिसातून सूट नव्हे. दोन रात्रींसाठीही अर्ज तोच आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवासविमाही तोच.

प्रश्न : परत आल्यावर दोन महिन्यांनी पासपोर्ट संपतो. चालेल?

नाही. शेंगेनमधून निघायच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत हवी, आणि पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला हवा. आधी नूतनीकरण करा.

प्रश्न : मी मैत्रिणीच्या हॉस्टेलवर राहणार. एजंट म्हणतो, तिचं नावच काढू नका. डमी हॉटेल बुकिंग जोडू, व्हिसा आला की रद्द करू. सगळे असंच करतात म्हणे.

करत असतील. पण अर्जावर सही तुमची असते, एजंटची नाही, आणि नकार आला तरी त्याची फी बुडत नाही. रद्द करता येणारं बुकिंग करण्यात गैर काही नाही, जर तुम्ही खरंच तिथे उतरणार असाल. रद्द करायच्याच हेतूनं केलेलं बुकिंग म्हणजे मुक्कामाचा पत्ता लपवणं. वकिलातीला कागदाच्या खरेपणाबद्दल शंका आली, तर तेवढ्यावर अर्ज नाकारता येतो. त्या नकाराची नोंद शेंगेन देशांच्या सामाईक व्हिसा प्रणालीत ५ वर्षं राहते. पुढच्या वेळी दुसऱ्या देशाकडे अर्ज केलात तरी ती दिसते. व्हिसा हातात पडला म्हणून सुटलात असंही नाही. सीमेवरचा अधिकारी 'कुठे राहणार?' असं पुन्हा विचारू शकतो, आणि फसवून मिळवलेला व्हिसा रद्दही होतो.

एवढं कशासाठी? मैत्रिणीकडे राहणं हा गुन्हा थोडाच आहे! फक्त यजमानाचा कागद देशागणिक बदलतो. फ्रान्समध्ये तो यजमानाला नगरपालिकेकडून घ्यावा लागतो. जर्मनीत यजमान खर्चाची औपचारिक हमी देऊ शकतो; शिष्यवृत्तीवर जगणाऱ्या विद्यार्थिनीकडून ती अपेक्षा धरू नका, स्वतःच्या खात्यातले पैसे दाखवा. आणि सगळ्यांत आधी मैत्रिणीला हॉस्टेलच्या कार्यालयात पाठवा, कारण बऱ्याच वसतिगृहांत पाहुण्याला रात्री राहू देत नाहीत. परवानगी नसेल तर जवळचं हॉटेल घ्या आणि खरोखर तिथेच उतरा. कागदांची यादी त्या देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावरूनच घ्या. पूर्वी कधी नकार मिळाला असेल, तर अर्जाआधी जाणत्या सल्लागाराला सगळे कागद दाखवा.

प्रश्न : मैत्रीण पॅरिसला आहे. शनिवारी रेल्वेनं लंडन पाहून रात्री परत येऊ का?

लंडन शेंगेनमध्ये नाही. ब्रिटनचा व्हिसा वेगळा. तो असला तरी पासपोर्टवरच्या तुमच्या शेंगेन व्हिसाच्या स्टिकरवर प्रवेशसंख्या '०१' असेल, तर पॅरिस सोडताच तो एक प्रवेश संपला आणि रात्री परतायची वाट बंद. डब्लिनचंही तेच. ब्रुसेल्स शेंगेनमध्येच आहे, तिथे खुशाल जा. लंडन हवंच असेल, तर एकाहून जास्त प्रवेश अर्जातच मागा आणि मिळतील का ते व्हिसा केंद्रात विचारून घ्या.

प्रश्न : तिचं सत्र पुढच्या महिन्यात संपतंय. एक जण पैसे घेऊन लवकरची अपॉइंटमेंट देतो म्हणतो.

सत्र कधी संपणार हे ती गेली तेव्हाच ठाऊक होतं ना? अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो. प्रवासाला १५ दिवस उरेपर्यंत थांबू नये. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, छाननी वाढली तर ४५. अपॉइंटमेंट विकणारा यातला एक दिवसही कमी करू शकत नाही. रद्द झालेल्या वेळा केंद्राच्या संकेतस्थळावर पुन्हा दिसतात, त्या स्वतः पाहत राहा. निर्णय येईपर्यंत परतावा न मिळणारं तिकीट काढू नका.

प्रश्न : 'पॅरिस-बोव्हे'चं तिकीट फार स्वस्त आहे. घेऊ?

हिशेब करून घ्या. बोव्हे विमानतळ पॅरिसपासून ८० किलोमीटरहून लांब आहे. जाहिरातीत मात्र पॅरिस मोठ्या अक्षरात. बसभाडं आणि बॅगेचे पैसे मिळवा, दोन दिवसांतले बसमध्ये जाणारे तास वजा करा. रात्री उतरणार असाल तर शहरात जाणारी शेवटची बस किती वाजता सुटते, ते विमानतळाच्या संकेतस्थळावर आधी पाहा.