स्टार ३० मारतो, तरी टीम हरते

सिम लीगवरची पत्रं या वेळी खूप आली, त्यातली पाच घेतलीयेत. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी: इथे प्रत्येकजण एका काल्पनिक बास्केटबॉल टीमचा जीएम (जनरल मॅनेजर) असतो, ट्रेड (प्लेयरची अदलाबदल), ड्राफ्ट (नव्या प्लेयरची निवड), पगार, कोणाला किती मिनिटं हे सगळं आपण ठरवायचं आणि मॅच मात्र कॉम्प्युटर खेळवतो. आपल्या हातात मॅचच्या आधीचं सगळं असतं, मॅच नसते.

प्रश्न: आमची १६ टीमची लीग आहे. लीगचा टॉप स्कोअरर माझ्याकडे आहे, मॅचला ३० पॉइंट्स, तरी मी १२व्या नंबरवर. बाकीचे प्लेयर इतके वाईट नाहीयेत हो. पाच मॅचचे बॉक्स स्कोअर (प्रत्येक प्लेयरचे आकडे) पाठवतेय, कुठे चुकतंय ते सांगा.

बॉक्स स्कोअर पाठवलेत ते फार बरं केलंत, कारण उत्तर त्यातच आहे. तुमचा हा प्लेयर ३० पॉइंट्स करायला सरासरी २८ शॉट घेतोय आणि ५ फ्री थ्रो. आता एक सोपा हिशोब करा, शॉट अधिक फ्री थ्रो गुणिले ०.४४, म्हणजे त्याने टीमच्या किती संधी वापरल्या ते कळतं (०.४४ अशासाठी की फ्री थ्रो बहुतेक वेळा जोडीने मिळतात आणि काही वेळा बास्केट झाल्यावर वर एक जास्तीचा मिळतो, म्हणून अर्ध्यापेक्षा थोडं कमी). २८ अधिक २.२ म्हणजे ३०.२ संधी, त्यात ३० पॉइंट्स, म्हणजे एका संधीमागे जेमतेम एक. आणि तुमचा तो दोन नंबरचा गार्ड, ज्याचा पत्रात उल्लेखही नाही, तो १० शॉट आणि ३ फ्री थ्रोमध्ये १४ करतोय, म्हणजे संधीमागे जवळजवळ सव्वा पॉइंट. यालाच दोनाने भागलं की ट्रू शूटिंग निघतं, तुमच्या स्टारचं साधारण ५० टक्के आणि गार्डचं ६२. एनबीएमध्ये (अमेरिकेतली मुख्य बास्केटबॉल लीग) अलीकडच्या सीझन्सची सरासरी ५७-५८ च्या आसपास असते, म्हणजे तुमचा टॉप स्कोअरर खरं तर सरासरीच्या बराच खाली आहे आणि टीमचा सगळ्यात जास्त बॉल त्याच्याच हातात आहे.

पण लगेच त्याला ट्रेड करू नका! बऱ्याच इंजिन्समध्ये (म्हणजे मॅच खेळवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये), आणि खऱ्या खेळातही, शॉट कमी केले की वाईट शॉट आधी गळतात आणि टक्केवारी वर जाते. त्याचे २८ वरून २१-२२ करा, उरलेले त्या गार्डला आणि सेंटरला वाटून द्या, गार्डची टक्केवारी थोडी उतरेल तेव्हा घाबरू नका, ते होणारच. मॅचमागे एक-दोन पॉइंट्सचा फरक पडेल. एवढंच का असं वाटेल, पण ८२ मॅचच्या सीझनमध्ये सरासरी एका पॉइंटचा फरक म्हणजे ढोबळमानाने अडीच-तीन विजय.

दुसरी गोष्ट मला जास्त खुपली, ती टर्नओव्हर. तुमचे १७, समोरच्यांचे १२. दर मॅचला पाच वेळा शॉट न घेताच बॉल देऊन टाकताय, म्हणजे पाच-सहा पॉइंट्स तिथेच गेले. बास्केटबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक डीन ऑलिव्हर यांनी मॅच कशाने जिंकली जाते त्याचे चार घटक मांडले होते आणि त्यांचं वजनही दिलं होतं, शूटिंग साधारण ४० टक्के, टर्नओव्हर २५, रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) २०, फ्री थ्रो १५. यात पॉइंट्स प्रति मॅच हा आकडा कुठेच नाहीये बघा. तुमचा पॉइंट गार्ड शूटर आहे, पासर नाही, बॉल हँडलिंगचं रेटिंग बघून तिथला माणूस बदला. मी तुमच्या जागी असते तर शॉट वाटायच्याही आधी हे केलं असतं.

प्रश्न: ताई, माझी टीम यंदा मधेच अडकलीये, ना प्लेऑफ ना टॉप पिक (ड्राफ्टमधली वरची निवड). मित्र म्हणतात सरळ टँक कर, सगळे चांगले प्लेयर विक आणि शेवटचा नंबर लाव. करू का?

अरे, आधी तुमच्या लीगची लॉटरी (ड्राफ्टमध्ये कोण आधी निवडणार याची सोडत) कशी आहे ते वाच. एनबीएने २०१९च्या ड्राफ्टपासून हाच मोह कमी करायला नियम बदलले, आधी शेवटच्या टीमला पहिल्या पिकची २५ टक्के संधी होती, ती १४ केली आणि खालच्या तिन्ही टीमना सारखीच १४. शेवटचा आलास तरी पाचवा पिक हातात येऊ शकतो. तुमच्या कमिशनरने (लीग चालवणाऱ्याने) हेच नियम घेतले असतील तर शेवटून पहिला आणि शेवटून तिसरा यात पहिल्या पिकच्या बाबतीत काहीच फरक नाही, मग त्यासाठी २० मॅच जास्त हरायच्या कशाला?

आणि पिक मिळालं म्हणजे प्लेयर मिळाला असं नसतं. २०१३ ला पहिला पिक अँथनी बेनेट होता, चार सीझनमध्ये एनबीएतून बाहेर. त्याच ड्राफ्टमध्ये पुढे सुपरस्टार झालेला यानिस अँटेटोकुम्पो १५वा गेला. तसाच निकोला योकिच २०१४ ला ४१वा. म्हणून मी म्हणेन ३० च्या पुढचे प्लेयर विक, जरूर विक, बदल्यात पिक्स घे, पण २४-२५ वर्षांचे चांगले प्लेयर ठेव, त्यांची वाढ अजून व्हायचीये. आणि रोज रात्री मुद्दाम वाईट लाइनअप लावून लीगमधल्या बाकीच्यांचा सीझन खराब करू नकोस, ते पण तुझ्याइतकाच वेळ देतात रे.

प्रश्न: रेग्युलर सीझनला आम्ही पहिले, फायनलला सातव्या मॅचमध्ये हरलो, माझ्या टीमने थ्री (तीन पॉइंट्सचे शॉट) ३० पैकी ५ मारले. इंजिन फिक्स आहे असं माझं स्पष्ट मत आहे. लीग सोडू का?

तुमचं दुःख कळतंय, सात मॅचची फायनल अशी हातातून गेली की झोप लागत नाही. पण नका सोडू. २०१८ ला वेस्टर्न कॉन्फरन्स फायनलच्या सातव्या मॅचमध्ये ह्यूस्टन रॉकेट्सने थ्री ४४ पैकी ७ मारले आणि मधे सलग २७ चुकवले, स्वतःच्या घरच्या कोर्टवर. प्रत्येक शॉट पडायची शक्यता ३६ टक्के धरली तर सलग २७ चुकणं जवळपास १ लाख ७० हजारात एकदा होईल. कोणत्याही सिममध्ये हे झालं असतं तर सगळ्यांनी कमिशनरला धारेवर धरलं असतं, पण ही खरी मॅच होती, खरी माणसं होती. २०१५-१६ ला वॉरियर्स ७३-९ करून फायनलला ३-१ ने पुढे असताना हरले.

इंजिन प्रत्येक पझेशनला (बॉल हातात आल्यावरच्या संधीला) नवा फासा टाकतं. समजा तुम्ही समोरच्यापेक्षा इतके सरस आहात की प्रत्येक मॅच जिंकायची शक्यता ६० टक्के, तरी सात मॅचची सिरीज जिंकायची शक्यता ७१ च्या आसपास येते. म्हणजे अशा दहा सिरीजमधल्या जवळपास तीन तुम्ही हरणार, आणि त्यातली एक ही होती. त्या मॅचमधले ते ३० थ्री कोणी घेतले एवढं मात्र बघा. तुमच्या चांगल्या शूटर्सनी घेतले असतील तर टीम आहे तशीच ठेवा. ३० टक्केवाल्या फॉरवर्डने त्यातले १२ घेतले असतील तर तेवढं काम आहे.

प्रश्न: ३५ वर्षांचा ऑल-स्टार मिळतोय, पण समोरचा तीन फर्स्ट राउंड पिक मागतोय. यंदा जिंकायची चांगली संधी आहे. देऊ?

तीन नको. २०१३ ला ब्रुकलिन नेट्सनी गार्नेट आणि पिअर्स घेतले, वय ३७ आणि ३५, आणि बदल्यात बॉस्टनला २०१४, २०१६, २०१८ चे पिक्स दिले, शिवाय २०१७ ला पिकच्या अदलाबदलीचा हक्क. त्यातूनच बॉस्टनकडे जेलन ब्राउन आणि जेसन टेटम आले आणि २०२४ ला ते चॅम्पियन झाले. आपण पिक देतो तेव्हा तो २५वा असेल असं धरून देतो, पण म्हातारा प्लेयर उतरला की आपली टीमही उतरते आणि तोच पिक तिसरा होतो. एक पिक द्या, त्यावर टॉप-१० प्रोटेक्शन लावा (पिक पहिल्या दहात आला तर तो तुमच्याकडेच राहतो), फार तर दोन सेकंड राउंड वर घाला. नाही म्हणाला तर ट्रेडच्या डेडलाइनच्या आदल्या दिवसापर्यंत थांबा, तोपर्यंत मागणी बहुतेक वेळा खाली येते.

प्रश्न: किती जणांना खेळवायचं? मी सगळ्या १३ जणांना मिनिटं देते, कोणी नाराज नको.

मॅचला एकूण २४० मिनिटं असतात, ४८ गुणिले ५. तेरा जणांत वाटली तर चांगल्या प्लेयरची मिनिटं अकराव्या-बाराव्याला जातात. नऊ जण ठेवा, फार तर दहा, मुख्य पाच जणांना ३२ ते ३४, आणि लागोपाठ दोन रात्री मॅच असेल तर दुसऱ्या रात्री वयस्कर प्लेयरची पाच-सहा मिनिटं काढून बेंचला द्या, बहुतेक इंजिन थकवा मोजतात. बाकीच्या चौघांत कोणी विशीतला असेल तर सीझनच्या शेवटी, जागा पक्की झाल्यावर, त्याला खेळवा. आणि बदल केल्यावर डेप्थ चार्ट (कोण कोणत्या जागी खेळणार ती यादी) सेव्ह करा आणि पान पुन्हा उघडून बघा, मी एकदा न बघता झोपले आणि सेंटर पॉइंट गार्डच्या जागी खेळून गेला, २६ पॉइंट्सनी हरलो.